विंगेतला बाप

नाशिकच्या हौशी रंगभूमीवर ज्यांनी टाळ्या घेतल्या, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या टाळ्या खरं तर गोरक्षच्या होत्या. माझ्याही. प्रेक्षकांनी त्याला कधी पाहिलं नाही. तो विंगेत उभा असायचा, एका हातात संहिता, दुसऱ्या हातात छोटी बॅटरी, आणि नट अडला की पुढचं वाक्य हळूच सांगायचा. प्रॉम्प्टरचं हे काम कोणालाच नको असतं. तोंडाला रंग नाही, पेपरात नाव नाही, आणि प्रयोग फसला तर शिव्या मात्र आधी त्याला. गोरक्षनं ते मागून घेतलं होतं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात स्टोअरमध्ये त्याची नोकरी. पाळी संपली की सायकल काढायची आणि नाशिकरोडच्या तालमीला यायचं, हा त्याचा नेम.

त्याचा आवाज कसा होता ते सांगणं अवघड आहे. श्वास सोडताना त्यालाच अक्षरं चिकटावीत तसा. पहिल्या रांगेतल्या माणसाला ऐकू जायचा नाही, पण तीन खणांपलीकडे उभ्या असलेल्या नटाच्या कानात नेमका पडायचा. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत एकदा मी तिसऱ्या अंकात पार कोरी झाले. मुलाच्या प्रेतापाशी बसलेली आई होते मी, आणि पुढचा सगळा संवादांचा पल्ला डोक्यातून पुसला गेला. मला विसरल्याचं कळायच्या आत गोरक्षचा शब्द कानात आला होता. मला बक्षीस मिळालं. परीक्षकांनी माझ्या त्या थांबण्याचं खास कौतुक केलं. पुढे ते सांगून आम्ही पोट धरून हसायचो.

मी त्याला विचारलं होतं, नट मुद्दाम थांबलाय की विसरलाय हे तुला कळतं कसं. तो म्हणाला, "माई, पॉज घेतलेल्या नटाच्या डोळ्यात पुढचं वाक्य दिसतं. ब्लँक झालेल्याच्या डोळ्यात प्रेक्षक दिसतात."

यात तो कधी चुकला नाही. निदान नटांच्या बाबतीत नाही.

त्याची मुलगी तृप्ती. जन्मली तेव्हा रडलीच नाही. निळी पडली होती, बराच वेळ डॉक्टरांनी खटपट केली तेव्हा कुठे एक बारीक आवाज निघाला. मान उशिरा धरली, चालली उशिरा, आणि बोलण्याचं तर नावच नाही. मधूनच डोळे वर जायचे, हातपाय ताठ व्हायचे. कुणी ताईत बांधायला सांगितला, कुणी ब्राह्मीचं तेल, कुणी त्र्यंबकला जाऊन विधी करायला. गोरक्षनं सगळं केलं. तृप्ती चार वर्षांची असताना तिची आई काविळीनं गेली, आणि हा माणूस एकटा पोरीला घेऊन क्वार्टरमध्ये राहिला. शेजारणींनी दुसरं लग्न कर म्हणून हैराण केलं. सावत्र आईच्या हाती ही पोर द्यायची नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

मग त्याला जे येत होतं ते त्यानं सुरू केलं. पोरीच्या मागे बसायचं आणि कानाशी सांगायचं. चेंडू. ताट. चिमणी. दिवस न् दिवस, कंटाळा नाही. आणि एक दिवस तृप्तीनं ते परत म्हटलं. "चिमणी." तो सायकल दामटत माझ्याकडे आला होता, डोळ्यात पाणी. मीही साखर वाटली.

त्यानंतर तृप्ती सगळं म्हणू लागली, पण बाप जे सांगेल तेच. लोक तिला नाव विचारायचे. मागून श्वासासारखा शब्द यायचा, ती म्हणायची, "तृप्ती." कितवीत आहेस? "शाळेत जाणार." भूक लागली का? "हो, लागली." लोकांना वाटायचं, पोरगी सुधारली. विचारणाऱ्याच्या तोंडाकडे ती बघायचीच नाही. प्रश्न आला की मान मागे वळायची, बापाच्या ओठांकडे.

जेल रोडला एका बंगल्यात शाळा निघाली होती. तेव्हा सरळ मतिमंद मुलांची शाळा म्हणत, पाटीवरही तसंच होतं. त्र्याण्णव साली तृप्तीला तिथे घातलं. तिथे योगिनी म्हणून शिक्षिका होती, विंचूरच्या शेतकऱ्याची लेक, या मुलांना शिकवण्याचं रीतसर शिक्षण घेऊन आलेली. वय जेमतेम पंचविशीचं, बोलणं तुटक, हसणं कमी. पहिल्याच दिवशी तिनं गोरक्षला फाटकाबाहेर थांबायला सांगितलं. त्याला ते झोंबलं. पाच मिनिटांत तो खिडकीपाशी होता. तिनं खिडकी लावून घेतली.

योगिनीचं शिकवणं बघायला मी एकदा गेले होते. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं, आमच्या नाटकवाल्यांच्या डोळ्यांना तर काहीच नाही. तिनं पाण्याचा पेला तृप्तीला दिसेल पण हाताशी येणार नाही असा ठेवला, आणि गप्प बसली. तृप्तीनं मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. तिनं पेल्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, हात चावला. योगिनी गप्पच. रंगभूमीवर एवढी शांतता पडली असती तर पडदा पाडावा लागला असता. शेवटी तृप्तीच्या तोंडून निघालं, "पा." योगिनीनं तत्क्षणी पेला तिच्या हातात दिला.

मी बाहेर येऊन गोरक्षला सांगितलं, अरे, ती आपणहून बोलली. तो म्हणाला, "पा? माझ्याजवळ ती अख्खं वाक्य बोलते, माई. मला पाणी हवं आहे, असं."

नाशिकला ज्या डॉक्टरांचं औषध चालू होतं त्यांनीही त्याला समजावलं होतं. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, जो भाग गेला तो गेला. पण उरलेला मेंदू शिकतो, आणि तो स्वतः धडपडला तरच शिकतो. धडपडू द्या. आकडीच्या गोळ्या चुकवू नका, झोप मोडू नका, दमवू नका. गोरक्षनं गोळ्यांचं तंतोतंत पाळलं. धडपडू देणं मात्र त्याला जमेना. पोर अडली की त्याचे ओठ आपोआप हलायचे. ज्यानं उभा जन्म दुसऱ्याची अडचण झाकण्यात घालवला, त्याला पोटच्या पोरीची अडचण उघड्यावर कशी बघवेल?

तरी शाळेत दिवसभर तो नसायचा, आणि दोन वर्षांत तिथे थोडं थोडं उगवलं. पाणी. दे. बस. आणि एके दिवशी डब्यातल्या दुधीभोपळ्याकडे बघून तृप्ती म्हणाली, "नको."

योगिनी त्या दिवशी हसली म्हणे. गोरक्ष घरी गेला तर घरीही तेच. आंघोळ? नको. स्वेटर? नको. तो माझ्याकडे कुरकुरत आला, शाळेत घातली आणि पोरगी उलट बोलायला शिकली म्हणून. मी हसले. योगिनी तेव्हा माझ्याच घरी बसली होती, वाचायला पुस्तक न्यायला आली होती. ती हसली नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "हो कोणीही म्हणवून घेईल तिच्याकडून. ती उद्या मोठी होईल. मुलगी आहे. तुम्ही नसाल. तेव्हा तिच्याजवळ काय असायला हवं, सांगा बरं."

गोरक्ष म्हणाला, "मी कुठे जातोय?"

"जाल की कधीतरी. तोवर हा एक शब्द तिच्यात मुरू द्या. बाकी काही नाही आलं तरी चालेल मला."

त्यानं मान हलवली. पटलंही असावं त्याला त्या घडीला.

शहाण्णवच्या हिवाळ्यात शाळेचं संमेलन ठरलं. संस्थेचे अध्यक्ष खंडेराव म्हणून होते, कांद्याचे मोठे व्यापारी, मनानं उदार, बोलणं मोठ्यानं. त्यांना देणगीदारांसमोर काहीतरी दाखवायचं होतं. मुलं रांगेत उभी राहून टाळ्या वाजवतात, याला कोण पैसे देणार, असं त्यांचं म्हणणं. गोरक्ष पुढे झाला. त्यानं स्वतः एक स्वगत लिहिलं, गोदावरी बोलतेय असं. मी गोदा. ब्रह्मगिरीच्या खडकातून आले. मी कोणासाठी थांबत नाही. अशी दहा-बारा वाक्यं. निळी साडी, केसांत शेवंती. तृप्ती रंगमंचावर उभी राहिली, विंगेतून श्वास आला, आणि ती बोलली. एकामागून एक सगळी वाक्यं, जराशी सपाट, जराशी अडखळत, पण स्पष्ट.

नाट्यगृह रडलं. मी आयुष्यात अनेक नाटकांत लोकांना रडवलंय, पण असं रडताना पाहिलं नाही. रुमाल काढून, एकमेकांचे हात धरून. असं रडलं की माणसाला आपण फार चांगले आहोत असं वाटतं. बाहेर पडून पानाच्या टपरीशी उभे राहिले तरी त्यांचे चेहरे उजळलेले होते. त्या गर्दीतल्या एकालाही पुढच्या आठवड्यात त्या शाळेचं फाटक उघडावंसं वाटलं नाही.

खंडेराव योगिनीला सगळ्यांदेखत म्हणाले, "ताई, तुम्हाला तीन वर्षांत जमलं नाही ते ह्यांनी महिन्यात केलं."

ती म्हणाली, "साहेब, ते ह्यांनीच केलं. तिनं नाही."

तिचा हेवा आहे, असं लोकांनी ठरवलं.

मग गोदावरी गावोगाव वाहू लागली. क्लबांचे कार्यक्रम, बँकेचा वर्धापनदिन, कुणाची साठी. तृप्तीच्या वर्गाचा वेळ तालमीत जाऊ लागला. योगिनी पेला ठेवून वाट बघायची तो वेळ आता साडी नेसवण्यात जायचा. कार्यक्रम लांबायचे, जेवण उशिरा, झोप मोडलेली. गोळ्या गोरक्ष वेळेवर द्यायचा, तरी आकडी परत आली, एकदा मोटारीत, एकदा चक्क हार घालताना. डॉक्टर चिडले. गोरक्षनं महिनाभर सगळं बंद ठेवलं. पण खंडेरावांना नाही म्हणणं त्याला जमायचं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला म्हणायचंही नव्हतं. इतकी वर्षं अंधारात उभा राहिलेला माणूस. आता लोक त्याला विंगेतून हाताला धरून बाहेर आणत, उजेडात उभं करत, शाल घालत. ह्या पोरीचा बाप म्हणून. त्याच्या त्या आनंदावर बोट ठेवायला माझी जीभ रेटत नसे, पण मी सांगितलं होतं त्याला, पोर दमलीय, आवर आता. म्हणाला, एवढा शाळेचा मोठा प्रयोग झाला की बास.

तो प्रयोग सत्त्याण्णवच्या डिसेंबरात, शालिमारच्या नाट्यगृहात, सकाळचा. मी मदतीला म्हणून विंगेतच होते, गोरक्षच्या मागे. योगिनी समोरच्या विंगेत. पडदा वर गेला. तृप्ती मधोमध उभी. गोरक्षनं पहिलं वाक्य सोडलं, "मी गोदा."

तृप्तीनं विंगेकडे पाहिलंच नाही.

ती समोर पाहत होती, प्रेक्षकांकडे. एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत, जणू एवढी माणसं इथे बसतात हे तिला त्याच दिवशी दिसलं. गोरक्षनं पुन्हा सांगितलं, "मी गोदा."

"नको," तृप्ती म्हणाली. मोठ्यानं, खणखणीत. एवढा आवाज तिच्यात आहे हे मला माहीत नव्हतं.

समोरची माणसं कौतुकानं हसली. समोरच्या विंगेत योगिनीनं दोन्ही हात तोंडावर धरले.

"नको," तृप्ती पुन्हा म्हणाली. मग थांबली. मी तिचे ओठ हलताना पाहिले, काहीतरी शोधत होती ती, आणि तिला ते सापडलं. "घरी."

दोन शब्द. तिचे. कोणी न दिलेले.

मी गोरक्षचं मनगट धरलं. त्यानं ते सोडवून घेतलं. कपाळावर घाम, डोळे पोरीच्या डोळ्यांवर खिळलेले, आणि त्या डोळ्यांत त्याला प्रेक्षक दिसत होते. प्रयोग पडत होता. तो विंगेच्या कडेपर्यंत गेला आणि त्याच्या त्या श्वासाच्या आवाजात, पण एरवीपेक्षा कडक, पुन्हा म्हणाला, "मी गोदा. ब्रह्मगिरीच्या खडकातून आले."

तृप्तीची मान वळली. तिनं बापाकडे पाहिलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. नाटकातली शांतता मी पुष्कळ ऐकली आहे, तशी ती नव्हती. मग तिचा चेहरा विझला म्हणू, की मिटला म्हणू, आणि ती म्हणाली, "मी गोदा. ब्रह्मगिरीच्या खडकातून आले."

टाळ्या पडल्या. तिनं सगळं स्वगत म्हटलं, एकही शब्द न चुकता.

पडदा पडल्यावर गोरक्ष घाम पुसत म्हणाला, "ब्लँक झाली होती. सावरून घेतलं."

"गोरक्ष, ती विसरली नव्हती रे," मी म्हणाले.

"माई, पंचवीस वर्षं विंगेत काढलीत मी. मला कळतं."

तोवर योगिनी आली होती. ती म्हणाली, "ती बोलली, भाऊ. चारचौघांसमोर स्वतःचं बोलली. तिला घरी जायचंय."

गोरक्षनं तिच्याकडे पाहिलं. उद्धटपणा नव्हता त्यात, तो खरोखरच गोंधळला होता. "पण ते संहितेत नव्हतं," तो म्हणाला.

योगिनीनं तृप्तीच्या केसांतली शेवंती काढली, तिच्या अंगावर शाल घातली आणि तिला रिक्षात बसवून घरी घेऊन गेली. हार घालायला मुलगी जागेवर नाही म्हणून खंडेराव संतापले. मार्चमध्ये योगिनीला शाळेतून जायला सांगितलं. ती विंचूरला परतली, तिथे घराच्या ओट्यावर चार मुलं घेऊन बसते असं नंतर कळलं.

तृप्ती पुन्हा नको म्हणाली नाही. दुधी दिला, खाल्ला. स्वेटर घातला, घालून घेतला. मी तिच्यापुढे पेला ठेवून वाट बघून पाहिलं. ती बापाच्या वाटेकडे डोळे लावून तासन्‌तास बसायची, तहानलेली. गोरक्षला बरं वाटायचं, पोर निवळली म्हणून. त्याला आदर्श पालक म्हणून मानपत्र मिळालं, त्या दिवशीचा फोटो त्यानं फ्रेम केला.

त्याला मी वाईट म्हणू शकत नाही. पोरीच्या जेवणाआधी तो जेवला नाही, तिच्या आजारपणात त्यानं डोळ्याला डोळा लावला नाही. मला अडलेल्या जागी हात देणारा माणूस होता तो. तिच्यावर त्याच्याएवढं प्रेम दुसऱ्या कोणी केलं नाही, आणि तिचं तोंड त्याच्याइतकं दुसऱ्या कोणी बंद केलं नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मला त्या एका ताटात वाढता येत नाहीत.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात कामावर असतानाच त्याच्या छातीत दुखलं आणि तो गेला. खंडेरावांनी शोकसभेत छान भाषण केलं. क्वार्टर सोडावी लागली. तृप्ती तेव्हा सतरा वर्षांची होती. मी तिला माझ्याकडे ठेवू पाहिलं, पण रक्ताच्या नात्यापुढे माझं काय चालणार? गोरक्षची बहीण रंगूबाई चांदवडहून आली आणि तिला घेऊन गेली.

तीन वर्षांनी मी चांदवडला गेले. रंगूबाईची माणसं व्यापाऱ्यांचा कांदा निवडून देण्याचं काम घेतात. पत्र्याच्या शेडमध्ये बायका ओळीनं बसल्या होत्या, मधोमध तृप्ती. अंगानं भरलेली, बोटं काळी पडलेली, कांदा उचलायचा, पात चिमटायची, या बाजूला की त्या बाजूला टाकायचा. हे तिला जमत होतं, चांगलं जमत होतं. माझ्याकडे तिनं पाहिलं. ओळखलं की नाही, सांगता येत नाही.

गोळ्यांचं मी विचारलं. रंगूबाई म्हणाली, "देते की, याद आली का." मग पुढे कौतुकानं, "लय गुणाची पोर हाय, माई. सकाळी बसवली का दिवस बुडंस्तवर उठत नाय. बाकीच्या बायांची किती तोंडं चालत्यात, कंबर दुखती, पाणी प्यायचंय, घरी जायचंय. हिचं काय नाय. ढिगावर ढीग वता, कधी नाय म्हनत नाय." बायका हसल्या. एकीनं आपल्या वाटचे कांदे हसत हसत तिच्यापुढे सरकवले. ते रोजचंच असावं. तृप्तीनं ते जवळ ओढले.

चहा आला. मी एक कप हातात घेतला, तृप्तीच्या समोर बसले आणि विचारलं, "तृप्ती, चहा हवा?" आणि गप्प राहिले. योगिनी राहायची तशी. तृप्ती माझ्या ओठांकडे बघू लागली. मी ओठ घट्ट मिटून धरले. तिच्या चेहऱ्यावर काही हललं की माझाच भास, कोण जाणे. मला अजून थांबायचं होतं. दिवसभर थांबायची माझी तयारी होती.

"हो म्हन," रंगूबाईनं मागून सांगितलं.

"हो," तृप्ती म्हणाली, आणि हात पुढे केला.